लिफ्टवाल्याला लिहिलेलं पत्र

अकरा महिने ई-मेलवरून चाललेला बुद्धिबळाचा डाव हेडमास्तर आता एका चालीत जिंकणार होते, आणि नेमका मेलचा प्रोग्राम उघडत नव्हता. चाल पाचच्या आत पोचली नाही तर डाव समोरच्याचा. सव्वाचार वाजले होते. फोनवरून पाठवावी, तर पासवर्ड फक्त त्या प्रोग्रामलाच ठाऊक.

काल दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण चाल सुचायच्या ऐन क्षणी अँटीव्हायरस 'तुम्ही धोक्यात आहात' अशी पाटी पडद्यावर नाचवायचा. निवृत्तीनंतर हेडमास्तरांनी कुणाचं ऐकून घेणं सोडलं होतं. त्यांनी त्याची तडकाफडकी हकालपट्टी केली. त्यानंतर मेलचा प्रोग्राम जेमतेम अर्धं मिनिट टिकला. तेवढ्यात त्यांनी तयार ठेवलेलं एक पत्र कसंबसं पाठवलं आणि प्रोग्रामने मान टाकली.

पत्र मुलीच्या मित्राला होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. 'जन्मभर वर-खाली करणाऱ्या माणसाला आमच्या घरात जागा नाही. यापुढे येऊ नये,' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

आणि तोच आता हसत दारात उभा होता. काय निगरगट्ट माणूस, हेडमास्तर मनात म्हणाले.

"बाबा, याला दाखवा तरी," मुलगी म्हणाली. वाद घालायला वेळ नव्हता.

त्याने खुर्ची ओढली. "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलंत, काका?"

"मी काहीही केलं नाही."

"लिफ्टमध्ये अडकलेले सगळे हेच सांगतात."

मुलगी खुदकन हसली. "अँटीव्हायरस काढला," हेडमास्तर पुटपुटले.

"मग बरोबर. वॉचमनला काढलंत, पण मेलला ते कुणी कळवलंच नाही. तो उघडताना अजून त्यालाच हाका मारतो. ओ आली नाही की कोसळतो. आम्ही लिफ्टचं करतो तेच करू. जोडलेलं सगळं सोडवायचं आणि नुसती चालवून बघायची."

त्याने नेट बंद केलं आणि प्रोग्राम सेफ मोडमध्ये उघडला. एक मिनिट गेलं, दोन गेली, प्रोग्राम ठणठणीत. मग त्याने अँटीव्हायरसचा मागे राहिलेला तुकडा शोधून उपटला. एक क्लिक वाया नाही, एक शब्द जास्त नाही. हेडमास्तर बघतच राहिले. असा विद्यार्थी त्यांना तीस वर्षांत दोनदाच मिळाला होता. त्यांना तो चक्क आवडू लागला.

"आता चाल लिहा. नेट सुरू केलं की ती जाईल, आणि कालपासून अडकलेलंही सगळं जाईल."

"कालपासून?" चाल लिहून 'पाठवा' दाबत हेडमास्तरांनी विचारलं.

"हो ना. कालचं काहीच बाहेर पडलेलं नसणार."

हेडमास्तरांना कालचं पत्र आठवलं. म्हणजे हा निगरगट्ट नव्हता. याला पत्रच मिळालं नव्हतं. पाचला नऊ मिनिटं उरली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "हरलो तरी चालेल."

"असं कसं, काका? अकरा महिने खेळलात."

गुडघेदुखी विसरून हेडमास्तर टेबलाखाली शिरले आणि त्यांनी नेटची केबल ओढली.

त्याने नेट सुरू केलं, तर ते लागेना. "केबल सैल होती वाटतं," म्हणत त्याने वाकून ती परत खोचली.

चाल गेली. पत्रही गेलं. त्याच्या खिशातला फोन थरथरला.

त्याने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. हेडमास्तरांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तो फोनवर नुसता अंगठा चालवत राहिला. कॉम्प्युटरवर नवा मेल आला.

'पत्र मिळालं. येणार नाही. पण वॉचमनशिवाय कॉम्प्युटर ठेवू नका. नवा बसवायला उद्या माणूस पाठवतो.'

तोंडाने चूक कबूल करायची हेडमास्तरांना सवय नव्हती. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला त्यांनी दोन बोटांनी टाइप करून उत्तर पाठवलं.

'माणूस पाठवू नये. तूच ये. चार वाजता.'

फोन पुन्हा थरथरला. 'मी हरलो' असा बुद्धिबळातल्या प्रतिस्पर्ध्याचा मेल त्याआधीच येऊन पडला होता. हेडमास्तरांनी तो रात्रीचं जेवण होईपर्यंत उघडलाही नाही.