आत स्प्रिंग हे!

आमच्या शेजारचे आहेर नाना रिक्षातून कुठेही निघाले, की प्रत्येक स्पीडब्रेकरच्या अलीकडे उतरतात. रिक्षा मोकळीच पलीकडे जाते, नाना चालत पलीकडे जातात आणि पुन्हा आत बसतात. बरोबर माई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती असल्या, तर त्याही उतरतात. गंगापूर रोडवरून पंचवटीच्या भाजीबाजारात पोचेपर्यंत बसणं कमी आणि उतरणंच जास्त होतं. नेहमीचा रिक्षावाला आता आधीच हाक देतो, "नाना, उतरा, तुमचं स्टेशन आलं."

एकदा मला घाई होती म्हणून मी त्यांच्या रिक्षात बसलो. अर्ध्या वाटेत उतरलो, चालत निघालो आणि त्यांच्या आधी पोचलो.

कारण विचारलं, की नाना छातीवर तळहात ठेवतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "आत स्प्रिंग हे."

ही स्प्रिंग म्हणजे स्टेंट. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली, की मनगटातून किंवा मांडीतून बारीक नळी आत सरकवतात, फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तारेच्या जाळीची एवढीशी नळी तिथे कायमची ठेवून देतात. छाती उघडायला नको, टाके नकोत, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. पण आपल्याकडे त्या जाळीला जाळी कोणी म्हणत नाही. 'अमक्याला स्प्रिंग टाकली' असंच म्हणतात. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे खपून गेलं असतं. नानांचं देवळा गावी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी स्प्रिंगा विकल्या होत्या.

"स्प्रिंग दोनच कामं करती," ते मला समजावत होते. "एक तर दबती, नायतर उडती. मधलं काय नसतं."

त्यामुळे आपली स्प्रिंग दबू नये आणि उडूही नये, यावर नानांचं सगळं लक्ष. शिंक आली की दोन्ही हातांनी छाती दाबून धरायची. फ्रिजच्या दाराला लोहचुंबक असतो, म्हणून फ्रिज माईंनीच उघडायचा. लग्नात डीजे लागला, की नाना जेवणाचं ताट घेऊन मंगल कार्यालयाच्या पार मागे, भांडी घासतात तिथे जाऊन बसायचे. मॉलच्या दारात तपासणीच्या चौकटीतून जाताना ते आधीच पहारेकऱ्याला बजावायचे, "वाजंल बरं का. आत स्प्रिंग हे." चौकट वाजायची नाही. नाना मागे जाऊन पुन्हा एकदा येऊन बघायचे. तरी नाहीच. मग दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना सेक्रेटरी करायचं घाटत होतं, तेव्हा ते शांतपणे उठून म्हणाले, "स्प्रिंगला आधीच टेन्शन असतं. वरून आणखी टेन्शन नको." सेक्रेटरी मला केलं. मी तेव्हापासून त्यांच्यावर थोडा खार खाऊनच होतो.

मागच्या हिवाळ्यात माईंना जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं. तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, मोठी रक्तवाहिनी बरीच तुंबली आहे, स्टेंट घालावा लागेल आणि फार दिवस काढू नका. माईंनी सगळं ऐकून घेतलं, पदर सावरला आणि घरी येऊन लसूण निवडायला बसल्या.

"मला नाय टाकायची स्प्रिंग," त्या म्हणाल्या.

मुलीने पुण्याहून फोनवर रडून पाहिलं. शेवटी मला पाठवण्यात आलं. सेक्रेटरी म्हणजे सगळ्या कामांचा माणूस.

"माई, साधी गोष्ट आहे हो," मी म्हणालो. "नाना नाहीत का ठणठणीत?"

माईंनी नानांकडे पाहिलं. नाना खुर्चीत दोन उशा लावून बसले होते, एक पाठीला आणि एक छातीशी.

"ह्यांच्यासारखं जगायचं?" माई म्हणाल्या. "धड हसायचं नाय, धड शिंकायचं नाय. एक स्प्रिंग सांभाळता सांभाळता मी पुरती दमले. आता दोघांच्या दोन स्प्रिंगा झाल्या तर रिक्षावाला तरी थांबंल का? त्यापेक्षा जाईन मी सुखानं."

नानांनी छातीवरची उशी हळूच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात. "सेक्रेटरी, तुमची स्कूटर द्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. किल्ली हातात घेऊन ते खाली गेले, मी गॅलरीत धावलो. आमच्या फाटकाशी असा एक स्पीडब्रेकर आहे, की त्यावरून जाताना धडधाकट माणसाच्याही मणक्याची गाठ सुटावी. नानांनी स्कूटर लांबून आणली आणि वेग कमी न करता त्यावर घातली. स्कूटर उडाली, नाना उडाले, दोघे वेगवेगळे खाली आले, पण नशिबाने एकाच ठिकाणी. वळून ते पुन्हा आले. पुन्हा उडाले. वॉचमन खुर्चीवरून उठून भिंतीला लागून उभा राहिला.

तिसऱ्या खेपेला माई गॅलरीत आल्या. हात पिठाने भरलेले. "अहो! स्प्रिंग!" त्या किंचाळल्या.

"जाग्यावर हे!" नाना खालून ओरडले. "हलत नसती ती! आतल्या आत मांस धरून पक्की बसती!"

माई कठड्याला धरून बघत राहिल्या. "म्हंजे तुम्हाला ठाऊक होतं?"

नानांनी स्कूटर बंद केली आणि मान खाली घातली. माई आत निघून गेल्या. दिवसभर त्यांनी नानांना जेवायला वाढलं, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत. संध्याकाळी माझ्या बायकोजवळ मात्र मोकळ्या झाल्या. "इतकी वर्षं फुकट उतरत होते मी. माझे गुडघे गेले. टाकून घेते आता स्प्रिंग, आणि रिक्षात बसले की हलतच नाय, बघा तुम्ही."

हॉस्पिटलात माईंना स्टेंट घालायला आत नेलं, तेव्हा मुलगी औषधं आणायला गेली होती. बाहेरच्या बाकावर मी आणि नाना. स्ट्रेचर दारातून जाताना नाना त्यांच्या घरच्या अहिराणीत पुटपुटले होते, "मी आठेच शे," म्हणजे मी इथेच आहे. माईंनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

न राहवून मी विचारलं, "नाना, तुम्हाला कधी कळलं, की ती सरकत नाही?"

"पहिल्याच तपासणीला. डॉक्टर हसले होते माझ्यावर."

"मग हे सगळं कशासाठी?"

नानांनी बंद दाराकडे पाहिलं. "आमच्यात नवराबायको हात धरून चालत नाय भो. ती पुढं कधी आली नाय, मी मागं वळून पाह्यलं नाय. सगळी जिंदगी तशीच गेली. स्प्रिंग टाकून घरी निघालो तं रिक्षा स्पीडब्रेकरला आली. मी घाबरून उतरलो. तिनं पटकन हात धरला. भर रस्त्यात, लोकांसमोर. पार पलीकडं जाईस्तोवर सोडला नाय. डॉक्टर म्हणले सरकत नाय. म्हटलं, घरी सांगायचं कशाला?"

मी बाकावर थोडा त्यांच्याकडे सरकलो.

"आता काय धरत नाय ती हात," नाना म्हणाले. "खोटं उघडं पडलं. पण ती जगंल ना, बास झालं."

पंख्याचा आवाज ऐकत आम्ही बसून राहिलो.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, छान झालं, वाट मोकळी झाली. मागोमाग माईंचं स्ट्रेचर आलं. नळी मनगटातून घातली होती, त्यामुळे उजव्या मनगटाला घट्ट पट्टी. नाना उठले, दोन पावलं गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. आजूबाजूला नर्स, वॉर्डबॉय, दुसऱ्यांचे नातेवाईक, सगळी गर्दी.

माईंनी डोळे उघडले. नानांना नीट न्याहाळलं.

"तिकडं काय उभे?" त्या म्हणाल्या. "त्या हाताला पट्टी हे. ह्या बाजूनं या, हा हात धरा."