मागचं दार

तीन वाजत आले तरी चाळणीरावांना तो पॅच, म्हणजे कोडातला नवा बदल, कळला नव्हता. चाळणीराव हे ऑफिसने ठेवलेलं नाव. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड चाळून त्यातले खडे वेचणं हे त्यांचं काम. आज ते घरीच बसले होते आणि पाचच्या आत 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच कळवायचं होतं. मागच्या खेपेला ते 'चालेल' म्हणाले आणि निम्म्या ग्राहकांना रिकाम्या डिस्कवर 'जागा संपली' असं दिसायला लागलं. "आता आणखी एक चूक झाली, तर थेट प्रिंटर विभागात!" असं साहेबांनी बजावलं होतं.

कोड कोट्याचा होता, म्हणजे डिस्कवर कुणी किती जागा वापरायची त्या वाटणीचा. पूर्वी सगळ्यांच्या नोंदी एका लांबलचक यादीत होत्या आणि यादीला एकच कुलूप. एकाचं काम चाललं की बाकीचे रांगेत. ऑफिसात जिला सगळे 'वीज' म्हणत, त्या नव्या सहकारी मुलीने यादीचं झाड केलं, म्हणजे नोंदी फांद्याफांद्यांवर मांडल्या; झाडही मूळ वर आणि पानं खाली असलेलं. शिवाय कुलपं दोन प्रकारची: एक अख्ख्या झाडाला, एक प्रत्येक नोंदीला. कोण आधी कुठलं कुलूप घेतं हे शोधता शोधता चाळणीरावांची मती गुंग झाली.

"अहो, मघापासून काय पुटपुटताय?" बायकोने विचारलं.

"अगं, दोन कुलपं आहेत. एकाने हे धरलं, दुसऱ्याने ते धरलं, तर पुढे काय होईल तेच कळेना."

"मग करून बघा की!"

मागच्या खोलीला एक कुलूप होतं, आतल्या कपाटाला दुसरं. चाळणीरावांनी खोलीची किल्ली बायकोला दिली आणि कपाटाची सासऱ्यांना. सासरे जन्मभर गोदामाचे रखवालदार होते, त्यामुळे किल्ली हातात येताच ते ताठ झाले.

"नियम एकच," चाळणीराव म्हणाले. "दुसरी किल्ली मिळेपर्यंत हातातली सोडायची नाही."

"बाबा, कपाटाची द्या."

"आधी तू खोलीची दे."

"तुम्ही द्या आधी."

"नियम म्हणजे नियम."

"अडकलं!" चाळणीरावांनी टाळी वाजवली. पॅचमध्ये हेच होत होतं. आनंदाने ते लिहायला बसले आणि लॅपटॉपचा पडदा मंदावला. बॅटरी संपत आली होती. चार्जर कपाटात होता.

"झालं, प्रयोग संपला. द्या किल्ल्या."

"संपेल असं नियमात नव्हतं, जावईबापू," सासरे म्हणाले. "गोदामात मी मालकालासुद्धा किल्ली दिली नाही."

"बाबा सोडत नाहीत, तर मी का सोडू?" बायको म्हणाली. बाप तशी लेक.

विनवण्या करता करता साडेचार वाजले. चाळणीरावांचं फक्त रडायचं बाकी होतं. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या.

"हा घ्या तुमचा चार्जर."

"आई, तुम्ही आत गेलात कशा? किल्ल्या तर इथे आहेत!"

"गॅलरीतून. खोलीचं ते मागचं दार तुम्हीच तर रोज उघडं टाकता, चिमण्यांना दाणे घालून. आणि कपाटाचं कुलूप नुसतं लटकवलेलं असतं."

चाळणीरावांनी धावत जाऊन चार्जर लावला. मग त्यांनी कोडातही असं मागचं दार शोधलं. सापडलं! जुन्या नोंदी काढून टाकणारं एक छोटंसं फंक्शन कुठलंही कुलूप न घेता सरळ आत शिरत होतं. मागच्या खेपेचा घोळसुद्धा इथूनच झाला होता. त्यांनी विजेला दोन्ही चुका खरमरीत शब्दांत कळवल्या.

पाचला पाच मिनिटं असताना उत्तर आलं. 'कुलपांचा क्रम चुकला, मान्य. सुधारते. पण ते फंक्शन माझं नाही, सर. सहा वर्षांपूर्वीचं आहे. लिहिणारे तुम्ही, तपासणारेही तुम्हीच. साहेबांना काय कळवू?'

गप्प बसावं असं त्यांना क्षणभर फार वाटलं. मग त्यांनी स्वतःच साहेबांना सगळं लिहून पाठवलं आणि लॅपटॉप मिटला.

"सापडला का चोर?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडला. घरचाच निघाला."

सासरे अजून दारात ताठ उभे होते. "मग ही किल्ली आता कुणाला द्यायची?"

"राहू द्या तुमच्याकडेच," चाळणीराव म्हणाले. "बाबा, तुमच्या गोदामात प्रिंटर होता का हो? तो उघडतात कुठून?"