कोपराखाली वीतभर

आधीच सांगून ठेवतो, मी स्वयंपाकघराचे ओटे बसवणारा सुतार आहे, आणि माझ्या ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या एकाही बाईची कंबर आजवर दुखलेली नाही! दुसऱ्या कशानं दुखली असेल तर तो त्यांच्या घरचा प्रश्न. बाकीचे कारागीर भिंत बघून ओट्याची उंची ठरवतात. मी बाईचं कोपर बघतो. हात कोपरात वाकवायला सांगायचा, कोपराखाली एक वीत मोजायची, तिथं ओटा. टेप खिशात असतो, पण तो गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून.

तर असा मी माणूस. आणि माझ्या लेकीचे दिवस भरत आले तेव्हा तिनं मला फोनवर काय विचारावं? बाळ झाल्यावर तुमच्याकडे राहायला आले, तर बाळाला आंघोळ कोण घालणार! तिकडे तिच्या सासूबाई आहेत, त्या घरातली सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेलीत. इकडे कोण आहे?

प्रश्न रास्त होता. आमची ही गेली त्याला अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. ही असती तर लेकीनं विचारलंच नसतं, सरळ बॅग घेऊन आली असती. मी छाती पुढे काढून म्हणालो, मी आहे की! मग ती म्हणाली, बघू. आता आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

मला ते बाळ घरात हवं होतं, खोटं कशाला बोलू? एकट्या माणसाच्या घरात भांडं पडलं तरी ‘आता काय पाडलंत’ म्हणून विचारणारं कुणी नसतं. लेक आणि बाळ चार दिवस राहिले असते तर घराला घरपण आलं असतं. तेव्हा मी ठरवलं, आंघोळीची आणि कपडे बदलायची अशी जय्यत तयारी करायची की लेकीनं तोंडात बोट घालावं. मग बघू कशी नाही म्हणते!

लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारीणबाई हसतमुख होत्या, निदान मी आत शिरलो तेव्हा तरी. त्यांनी बाळाचे कपडे बदलायचं टेबल दाखवलं. मी ते उलटं केलं. खालून भुसा दाबून केलेली फळी! पाणी लागलं की पुरीसारखी फुगणार. बिजागऱ्या अशा, की उघडताना आपणच त्यांची माफी मागावी. दुसरं टेबल घडीचं होतं. मी त्यावर दोन्ही हात टेकून जरा भार दिला तर त्यानं तिथल्या तिथं घडी घातली, माझ्या बोटासकट. बोट सोडवायला दुकानातलं एक गरोदर गिऱ्हाईक धावून आलं. पुढे मी टबांकडे वळलो. एकाला बूच, एकाला जाळीची झोळी, एकाला पाण्याचं तापमान दाखवणारं बदक. मी प्रत्येकात कोपर घालून बघत होतो, आणि दुकानदारीणबाई माझ्या मागोमाग ते पुसत होत्या.

शेवटी त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या, "काका, असं करा, काकूंना घेऊन या. त्या बरोबर निवडतील."

मी म्हणालो, काकूंना आता जमणार नाही. गुडघ्यांचं दुखणं आहे का, म्हणून त्यांनी काळजीनं विचारलं. मी हो म्हणालो. काय सांगणार? भर दुकानात, हातात प्लास्टिकचं बदक धरून, माणूस आणखी काय सांगणार?

मग एक टब आणि एक मऊ गादी घेतली न् बाहेर पडलो. प्लास्टिकपुढे सुताराचं काही चालत नाही. पण टेबल मात्र मीच करणार होतो! आणि केलं हो. पाण्याला दाद न देणारं प्लायवुड, सगळे कोपरे गोल, बाळ लोळून पडू नये म्हणून तिन्ही बाजूंनी काठ. डावीकडे टब बसायला खोबण, खाली पाणी जायला नळी, उजवीकडे गादी, गादीखाली लंगोट-दुपट्यांचे कप्पे. हात एकदा लाकडावर चालायला लागला की मला बाकीचं सुचत नाही, आणि त्या वर्षात मला बाकीचं न सुचणं हेच औषध होतं. पॉलिश वाळलं तेव्हा मी स्वतःच त्याच्याकडे बघत बसलो. मग वाटलं, ही काय म्हणाली असती? ‘आता पुरे, किती घासाल,’ असं म्हणाली असती.

आता राहिला सराव. बाळ काही माझ्या हातात पहिल्यांदा आलं नसतं, पण लेक लहान होती तेव्हा आंघोळीचं खातं हिच्याकडे होतं, माझ्याकडे फक्त टॉवेल धरून उभं राहायचं काम. म्हणून बाजारातून बाळाच्या वजनाचा एक भोपळा आणला. जरा लांबट, मानेसारखा भाग असलेला. त्याला टोपडं घातलं, म्हणजे कुठल्या बाजूला डोकं ते लक्षात राहावं. टबात कोमट पाणी घेतलं, डाव्या हातावर मान, उजव्या हातात साबण, आणि केली सुरुवात. नुसतं गप्प राहून आंघोळ घालणं बरं दिसेना, म्हणून भोपळ्याशी बोलतही होतो. डोळे मिट हं सोन्या, झालंच आता, आजी असती तर तुला गाणं म्हणून दाखवलं असतं, असं आपलं काहीतरी.

साबण लावलेला भोपळा काय चीज आहे हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही! पाठ चोळायला पालथा केला तो सटकला, काठावरून उडाला आणि फरशीवर फुटला. भ्रमाचा भोपळा फुटला असं म्हणतात, माझा सगळ्यांच्या देखत फुटला. सगळ्यांच्या म्हणजे शेजारच्या मावशींच्या. त्या खिडकीतून कधीपासून बघत होत्या कोण जाणे. मी ओरडलो, ‘अरे देवा, डोक्यावर पडलं!’, तशा त्या धावत आत आल्या. त्यांना काय दिसलं? मी फरशीवर बसलोय, मांडीवर टॉवेल, टॉवेलात टोपडं घातलेल्या भोपळ्याचे तुकडे, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

साबण गेला होता डोळ्यात. बराचसा साबणच होता.

मी त्यांना समजावलं, की हा सराव आहे. त्या मान डोलावत राहिल्या. माझ्या पाठीवर हात फिरवला, घरी गेल्या आणि लेकीला फोन केला, की बाई गं, तुझे बाबा भोपळ्याला नातू समजून आंघोळ घालतात आणि त्याच्याशी आईच्या गोष्टी बोलतात, तू एकदा येऊन बघून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी! लेक, जावई आणि विहीणबाई. तिघंही माझ्याशी असं हळू बोलत होते, जसं झोपलेल्या कुत्र्याशेजारून जावं. जावयांनी विचारलं, जेवता ना वेळेवर? विहीणबाईंनी, तशा फार मायाळू बाई, सरळ मोरीत पडलेली कालची भांडी घासायला घेतली. मी म्हणालो, अहो, माझं डोकं ठिकाणावर आहे, या, टेबल बघा, म्हणजे खात्री पटेल!

लेकीनं काठावरून हात फिरवला, कप्पे उघडून बघितले. चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, जिंकलो. मग ती बाळ गादीवर ठेवल्यासारखी पुढे वाकली आणि कळवळून कमरेला हात लावला.

"बाबा, हे फार खाली आहे."

मी म्हणालो, शक्यच नाही, हात वाकव. तिनं वाकवला. मी कोपराखाली वीत लावली. वीत संपली आणि टेबल अजून चांगलं चार बोटं खाली होतं. पुन्हा लावली. लेक माझ्यावर गेलीय, उंच आहे, हे काय मला ठाऊक नव्हतं? तिनं विचारलं, की माप कुणाचं घेतलंत? तुझंच, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मगच लक्षात आलं. मी माप घेतलंच नव्हतं. लाकूड पुढ्यात घेतलं, हात जिथं आपोआप थांबला तिथं खूण केली आणि कापलं. या घरात मी आजवर जे काही बनवलं ते एकाच कोपरासाठी. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं, की ते कोपर आता नाही.

"आईचं माप आहे हे," लेक म्हणाली.

मी पटकन म्हणालो, टेबलाच्या पायांखाली ठोकळे बसवतो, संध्याकाळपर्यंत होईल. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "नका. मी बाळाला तिकडेच ठेवते. तुम्ही रोज या. पण इथं तुम्ही एकाच वेळी आम्हा तिघींना सांभाळायला बघाल, बाबा. नाही जमायचं."

मुलगीच होणार हे तिनं कसं धरलं होतं कोण जाणे, पण तिघी कोण ते मला कळलं. मी टेबलाच्या काठावरचा नसलेला भुसा पुसत राहिलो.

तेवढ्यात विहीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सहज त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. गादीवर दोन्ही हात ठेवले. खांदे सैल, पाठ ताठ, कोपराखाली बरोबर वीत. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. घरचा ओटा इतका उंच आहे म्हणे, की जन्मभर त्यांनी पायाखाली पाट घेऊन काम केलं.

"हे तर माझ्याच मापाचं केलंय तुम्ही! कसं हो कळलं तुम्हाला?"

लेक खिडकीकडे बघायला लागली.

"अंदाजानं," मी म्हणालो. "सुताराचा अंदाज असतो."

टेबल टेम्पोतून तिकडे गेलं. दोऱ्या मीच बांधल्या. नात झाली, गोड आहे, आजोबांवर गेली नाही. मी रोज जातो. सकाळच्या वेळी विहीणबाई पाठमोऱ्या उभ्या असतात, काही गुणगुणत तिचे कपडे बदलत असतात, कोपरं अगदी बरोबर उंचीवर. मी दारातच जरा थांबतो. परवा त्यांनी मागे न बघताच विचारलं, की आत या ना, तिथं काय करताय? मी म्हणालो, चपला काढतोय.

चपला मी खालीच जिन्यापाशी काढून आलो होतो.