पान बेचाळीसची गुहा

"या देशात मी पाहिलं नाही असं ठिकाण अजून तयार व्हायचंय," असं होकायंत्र दर रविवारी जेवताना सांगायचे, आणि त्यांची बायको आमटी वाढता वाढता मान डोलवायची.

होकायंत्र हे त्यांचं ऑफिसातलं नाव. सहली काढणाऱ्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होते. गर्दीची ठिकाणं कोणीही लिहील, यांची खासियत आडवाटेची. कोणाला ठाऊक नसलेले बुरूज, विसरलेली तळी, नकाशात टिंबाएवढेसुद्धा नसलेले पूल. त्यांची पुस्तिका वाचून लोक सुट्ट्या ठरवायचे. शाळेत गणित शिकवणारी त्यांची बायको तर स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगायची, "आमच्या ह्यांनी सगळं स्वतः पाहिलंय."

आता खरं सांगायला हरकत नाही. या गृहस्थांना गाडी लागायची. तिसऱ्या वळणाला मळमळ, पाचव्याला पिशवी. कंपनी पाहणीला पाठवायची तेव्हा हे बॅग भरून निघायचे ते थेट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका लॉजवर. तिथे चार दिवस जुनी नोंदपुस्तकं, नकाशे आणि दुसऱ्यांनी काढलेले फोटो पलंगभर पसरायचे आणि ठिकाण लिहून काढायचे. पाचव्या दिवशी घरी परतताना बुटांना कुंडीतली माती लावायला मात्र कधी विसरले नाहीत. कामात चोख माणूस.

बाकीची ठिकाणं निदान कोणीतरी पाहिलेली होती. पान बेचाळीस कोणीच पाहिलेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी छापखान्याचा माणूस दारात उभा, आणि एक पान कोरं. होकायंत्रांनी नकाशावर जिथे काहीच छापलेलं नव्हतं तिथे पेन्सिल टेकवली आणि अर्ध्या तासात एक गुहा लिहून दिली. वाटेवर एक हात तुटलेला पुतळा, उरलेल्या हाताने दिशा दाखवणारा. भर उन्हाळ्यात लोकरी कोट घालणारा, अल्पभाषी रखवालदार. पायऱ्या उतरताना एकसष्ट, चढताना बासष्ट. तळाशी एक दगडी खुर्ची, नेहमी कोमट, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. दुपारी तीन वाजता गुहा श्वास सोडते. आणि पान भरायला अजून एक ओळ हवी होती म्हणून शेवटी, "ही गुहा ज्याने शोधली तो माणूस पुन्हा कोणाला दिसला नाही."

सहा वर्षांत एकही तक्रार आली नाही. दुसऱ्या कोणाला याचं नवल वाटलं असतं. होकायंत्रांना वाटलं, आपली भाषाच तशी.

मग बायको निवृत्त झाली आणि तिची धाकटी बहीण नवी गाडी घेऊन दारात हजर झाली. ही मेहुणी विम्याच्या कंपनीत दावे तपासायची. कोणाचं घर जळलं म्हटलं की आधी काडेपेटी कुठे होती ते विचारणारी बाई. भावोजींवर तर तिचा लग्नापासूनच संशय.

"ताई, तू निवृत्त झालीस, आता फिरायचं. सांग कुठे जायचं?"

"बेचाळीस," बायको पुस्तिका न उघडताच म्हणाली. "यांनी किती सुंदर लिहिलंय ते."

होकायंत्रांनी चहा तसाच बाजूला ठेवला.

"तिथे रस्ता वाईट आहे," ते म्हणाले. "आणि साप. बारमाही साप."

"भावोजी, पुस्तिकेत साप नाहीत," मेहुणी म्हणाली. तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि पान बेचाळीसच्या प्रत्येक ओळीपुढे एक बारीक चौकोन काढला. "आपण एकेक बघू आणि खूण करू. सवय आहे मला."

त्या रात्री होकायंत्रांचा डोळ्याला डोळा लागला नाही. नोकरीची त्यांना चिंता नव्हती. पण एकतीस वर्षं एक बाई आपल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवून बसली आहे, आणि उद्या दुपारी, सख्ख्या बहिणीच्या देखत, एका माळावर तिला कळणार की नवरा थापाड्या आहे. शेवटी त्यांनी ठरवलं, चार तास जायचं, मग गाडी थांबवायची आणि म्हणायचं की गुहा गेल्या पावसात कोसळली.

दुसऱ्या दिवशी तीन पिशव्या भरून झाल्यावर ("हवा बदलली की होतं मला") गाडी त्या कोऱ्या भागात शिरली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळं गवत. वारा पडलेला. कुठे माणूस नाही, गुरं नाहीत, पाखराचा आवाज नाही. मेहुणीने काच खाली केली तर गाडीच्या टायरचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि तोही कोणी मागून चालत असल्यासारखा.

आता बोलावं म्हणून होकायंत्रांनी घसा साफ केला. "मला वाटतं, गुहा गेल्या पावसात..."

"तो बघा पुतळा," बायको म्हणाली.

रस्त्याच्या कडेला गवतात एक दगडी माणूस उभा होता. डावा हात खांद्यापासून तुटलेला, उजवा हात लांब करून डावीकडची पायवाट दाखवणारा. होकायंत्र त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांना स्वच्छ आठवत होतं, आधी त्यांनी दोन्ही हात लिहिले होते. ओळ लांब होत होती म्हणून एक कापला होता.

मेहुणीने पहिल्या चौकोनात खूण केली. तिचा चेहरा जरा पडला होता.

पायवाटेने चालत गेले तर उन्हाचा चटका असा की चपलेतून पाय भाजावेत. पुढे एक दगडी तोंड होतं, काळं, माणसाच्या उंचीचं. आणि त्याच्या शेजारी, त्या रणरणत्या उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी कोट घालून एक म्हातारा उभा होता. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण त्याने त्या पुसल्या नाहीत. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, झटकन नजर खाली घातली, आणि मग होकायंत्रांना म्हणाला, "आलात."

एवढंच. अल्पभाषी.

"तुम्हाला ओळखतात वाटतं," मेहुणी म्हणाली.

"ओळखणारच," बायको म्हणाली. "यांनीच शोधलीये ना ही जागा."

शोधलीये म्हटल्यावर होकायंत्रांना पानाची शेवटची ओळ आठवली. लोकांना भुताची भीती वाटते. यांना स्वतःच्या अक्षराची वाटायला लागली.

म्हाताऱ्याने दाराशी टांगलेली घंटा एकदा वाजवली, कंदील उचलला आणि उतरायला लागला. मागे बायको, मोठ्याने पायऱ्या मोजत. तिच्यामागे मेहुणी, आणि सगळ्यात मागे भिंत धरून होकायंत्र. दहाव्या पायरीला ऊन संपलं. तिसाव्या पायरीला उकाडा संपला आणि ओल्या दगडाचा वास यायला लागला. पन्नासाव्या पायरीनंतर बायकोचा आवाज खालून परत यायला लागला, पण बायकोच्या मानाने जरा उशिरा.

"साठ. एकसष्ट. झाल्या."

तळाशी एक बुटकी खोली होती आणि खोलीत एक दगडी खुर्ची. बाकी काही नाही. मेहुणीने धीर करून खुर्चीवर हात ठेवला आणि विस्तव लागल्यासारखा मागे घेतला.

"भावोजी, हे गरम आहे."

होकायंत्रांनी बोटाचं टोक टेकवलं. कोमट. नुसती कोमट नाही, बसून बसून ऊब आलेली.

"कोण बसलं होतं इथे?" मेहुणीने विचारलं. तिचा आवाज दावे तपासताना लागतो तो नव्हता.

म्हाताऱ्याने कोटाच्या खिशातून घड्याळ काढलं, बघितलं आणि कंदील हाताने झाकला. तीन वाजले होते. मागच्या भिंतीतून कुठूनतरी एक लांबलचक, थंड, दमलेला श्वास आला. तो सगळ्यांच्या मानेवरून गेला, पायऱ्यांच्या तोंडाशी थांबला, आणि परत आत ओढला गेला.

मेहुणीने ताईला सोडून भावोजींचा दंड धरला. पेन्सिल कधीच हातातून पडली होती. होकायंत्रांचं डोकं मात्र भलतंच चाललं होतं. आपण लिहितो ते होतं म्हणजे एकतीस वर्षांत आपण काय काय लिहून ठेवलंय? त्या एका बुरुजाखाली सात जण गाडलेत असं लिहिलं होतं, ते सात जण कोण? आणि गुहा शोधणारा पुन्हा कोणाला दिसला नाही, त्याला आता किती वेळ उरला? त्यांना वाटलं, मरायचंच आहे तर निदान हिला खरं सांगून मरावं.

"अगं, ऐक," ते बायकोला म्हणाले. "तुला एक सांगायचं राहिलंय. ही गुहा मी..."

"वर चला आधी," बायको म्हणाली. "पायऱ्या मोजायच्यात."

वर येताना म्हातारा सगळ्यांच्या मागे होता. बायको मोजत होती, मेहुणी तिच्याबरोबर ओठ हलवत होती. एकसष्ट झाल्या तेव्हा उजेड समोर होता, पण अजून एक पायरी उरली होती. ती चढून मेहुणी मटकन उंबऱ्यावर बसली. "बासष्ट," ती म्हणाली. "ताई, मी गाडीत जाऊन बसते. दारं लावून."

बायको तिला धरून घेऊन गेली. होकायंत्र त्यांच्यामागे निघाले तोच खांद्यावर एक ओला, जड हात पडला.

"साहेब, तुम्ही थांबा," म्हातारा म्हणाला. "तुमच्याशी वेगळं काम आहे."

बायकोची पाठ गवतापलीकडे दिसेनाशी झाली. होकायंत्रांनी डोळे मिटून घेतले. कानावर आवाज आला तो बटणं काढल्याचा.

"सहा वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. "पुढच्या छपाईत एवढा कोट काढून टाका साहेब. हात जोडतो. अंगावर घामोळं किती आलंय बघा."

होकायंत्रांनी एक डोळा उघडला. म्हाताऱ्याने सदरा वर केला होता, आणि घामोळं खरोखरच बघण्यासारखं होतं.

"खुर्ची ठीक आहे," तो पुढे म्हणाला, आणि आता त्याचा अल्पभाषीपणा पार आटला. "माझी बायको बसते. विणकाम करते. घंटा वाजली की मागच्या भोकातून निघून जाते. श्वासाला लोहाराचा भाता लावलाय, तोही जमतो. खालची पायरी लाकडाची आहे, रंगवलेली. उतरताना ती बाजूला, तुम्ही खुर्ची बघता तोवर मी सरकवतो. कंबर धरते, पण करतो. कोट मात्र नको."

"तुम्ही केलंत हे?" होकायंत्रांच्या तोंडून कसंबसं निघालं. "का?"

"इथे दगडाची खाण होती. बंद पडली. दगड फोडणारी माणसं घरी बसली. मग एक दिवस एक बाई शाळेची सहल घेऊन आल्या. चाळीस मुलं, प्रत्येकाच्या हातात तुमचं पुस्तक. इथे काय होतं? एक भोक. बाईंनी मुलांना सांगितलं, आज गुहा साफसफाईला बंद आहे. मुलं बसमध्ये बसली. बाई त्या तिथल्या दगडावर बसून रडल्या. बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसले आणि गावात आल्या. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने लिहिलंय, लोक येत राहणार. तुमच्याकडे हात आहेत आणि हाताला काम नाही. मला एक गुहा पाहिजे."

सहा वर्षांपूर्वी बायको शाळेच्या एका सहलीहून परतली होती. कशी झाली म्हणून विचारलं तर "छान झाली" म्हणाली होती आणि अंगावर चादर ओढून झोपली होती, हे होकायंत्रांना आत्ता आठवलं.

"पायऱ्या खडूने त्यांनीच आखल्या," म्हातारा कोटाची बटणं परत लावत म्हणाला. "दर सुट्टीत येऊन तपासून जायच्या. फार कडक बाई. आम्ही सगळं तुमच्या पुस्तकाबरहुकूम केलं. फक्त शेवटची ओळ राहिली. आम्ही विचारलं, बाई, हिचं काय करायचं? गुहा शोधणारा माणूस पुन्हा दिसला नाही, ती?"

"मग?"

"म्हणाल्या, ती ओळ सोडा. तेवढा माणूस मला घरी लागतो."

गाडीपर्यंत पोचायला होकायंत्रांना एरवीपेक्षा बराच वेळ लागला. मध्ये दोनदा ते थांबले आणि दोन्ही वेळा चष्मा पुसला. मेहुणी स्टिअरिंग धरून बसली होती. तिने काच खाली केली.

"भावोजी, मला माफ करा," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी तुमच्यावर संशय घेत होते."

"मी तुला सांगत नव्हते?" बायको मागच्या सीटवरून म्हणाली. "यांनी सगळं स्वतः पाहिलंय."

होकायंत्र तिच्या शेजारी बसले. गाडी सुरू झाली, पुतळा मागे गेला. त्यांनी नुसता तिचा हात हातात घेतला. तिने तो घेऊ दिला, आणि बहिणीला ऐकू जाऊ नये अशा बेताने खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"पान एक्कावन्नवरचा धबधबा मात्र मला जमायचा नाही हं. तीनदा जाऊन आले. तिथे साधा चढसुद्धा नाही."