रुंजी खारीच्या चारोळ्या आणि परवलीचा शब्द

एका जंगलात, मुलांनो, एक शिकलेली खार राहत होती. शिकलेली होती, म्हणून तिला झोप येत नसे.

तिचं नाव रुंजी. तिला एकच मुलगी, टिकली. थंडी पडायला लागली की बेहड्याच्या ढोलीत कूस बदलताना रुंजीच्या डोक्यात एकच भुंगा फिरायचा. साठवलेल्या चारोळ्या कुणी लंपास केल्या, तर टिकली थंडीभर खाईल काय?

काळजी अगदीच उगाच नव्हती. थंडीची सुट्टी लागली, वडाखालची शाळा बंद झाली, की साऱ्या जंगलाला सहलीचे आणि खरेदीचे वेध लागत. आणि ठकांना साऱ्या जंगलाचे.

कावळा यायचा. "वहिनी, तुमच्या नावचं गाठोडं ओढ्यापलीकडे अडकलंय. मूठभर चारोळ्या दिल्यात की सुटेल."

कोल्हा यायचा. "हुरड्याची सहल! आगाऊ भरणाऱ्याला गूळ फुकट!" गेल्या वर्षी सशाचं अख्खं खटलं आगाऊ भरून सहलीला गेलं. तिथे हुरडा नव्हता. शेतही नव्हतं.

रुंजी मात्र कुणाला बधत नसे. "भावोजी, मला गाठोडं पाठवण्याइतकं उदार माझं माहेर नाही," असं सांगून तिने कावळ्याला वाटेला लावलं.

खरं सांगू का? तिला भीती होती ती स्वतःचीच. गेल्या वर्षी तिने पुरलेल्या चारोळ्या तिच्या तिलाच सापडल्या नव्हत्या. मायलेकींनी सगळी थंडी झाडाची साल चावून काढली. पावसाळ्यात रोपं उगवली, तेव्हा कुठे तिला जागा आठवली. "मुद्दामच केलं हो, वृक्षारोपण," असं ती शेजाऱ्यांना म्हणाली खरी, पण आतून खजील झाली होती.

म्हणून यंदा चारोळ्या टिकलीने पुरल्या. तीन जागी. लहानांच्या लक्षात राहतं. रुंजीने फक्त नियम घातले.

"टिकले, जागा कुणालाही सांगायच्या नाहीत."

"तुला?"

"मला सांगायच्या. पण आधी मी परवलीचा शब्द म्हणेन. नाही म्हटला, तर ती तुझी आई नव्हेच, असं समजायचं. हल्ली कुणीही कुणाचाही आवाज काढतं."

"आणि शेपटी?"

"शेपट्यासुद्धा लावतात मेले."

शब्द साधासुधा नव्हता. त्यात एक फळ, एक आकडा आणि एका पक्ष्याचा आवाज हवाच. दर चार दिवसांनी तो बदलायचा. जुना पुन्हा वापरायचा नाही. टिकलीला हा खेळ फारच आवडला.

एके दुपारी टिटवीमावशी ओरडतच आली. "अगं रुंजी, साठा-सुरक्षा समितीचे साहेब आलेत! नोंदणी करून घे. मी कालच केली."

"पण मावशी, तुम्ही कुठे काय साठवता?"

"म्हणून काय झालं? फुकट होती."

मागोमाग साळिंदर आलं. भारदस्त, मवाळ. कानामागे स्वतःचाच एक काटा लेखणीसारखा खोचलेला. हातात सागाचं मोठं पान.

"बाई, तुमच्यासारख्या जागरूक माता आहेत म्हणून हे जंगल टिकलंय," ते म्हणालं.

रुंजीला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या सासूनेही नाही.

"चोर आले की समिती तुम्हाला आधी कळवेल. मात्र साठा कुठे आहे, हेच ठाऊक नसेल, तर आम्ही राखण कशाची करायची?"

हे रुंजीला पटलं. शिकलेल्यांना कारण दिलं की पटतं.

"आणि एक सांगून ठेवतो. या जागा दुसऱ्या कुणालाही सांगू नका. समितीचा म्हणवून कुणी आला, तरी नाही."

यावर तर रुंजीचा पुरता विश्वास बसला. तिने टिकलीला आडोशाला नेलं. "टिकले, पटकन सांग, तीन जागा कुठल्या?"

टिकली तिच्याकडे बघत राहिली. "आधी?"

"आधी काय? साहेब खोळंबलेत!"

मग टिकलीने घडाघडा तीन जागा सांगितल्या. साळिंदराने लिहून घेतल्या, पानावर पंजा उमटवला आणि ते गेलं. त्या रात्री रुंजीला गाढ झोप लागली.

सकाळी उठून बघते तो वाटभर काटे पडलेले. टिटवीमावशी धापा टाकत आली. "अगं, ते साहेब कुठले, चोर निघाला तो! पहिल्या जागी उकरलं तर मुंगळ्यांचं वारूळ. दुसऱ्या जागी गांधीलमाश्या. तिसऱ्या जागी अस्वलीण, नुकताच डोळा लागलेली! नाक हे एवढं सुजवून पळालाय. बाई गं, मीच त्याला तुझ्याकडे आणलं. मला कुणी सांगितलं, मी पुढे सांगितलं."

रुंजी टिकलीकडे वळली. "म्हणजे तू मला खोट्या जागा सांगितल्यास? आईला?"

"तू शब्द म्हणाली नाहीस," टिकली म्हणाली. "मला वाटलं, शेपटी लावून कुणीतरी आलंय."

रुंजीने तिला पोटाशी धरलं. चारोळ्या वाचल्या होत्या! आपण मूर्ख ठरलो, पण आपली शिकवण वाया गेली नाही, हे काय कमी आहे? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटात कावळेही ओरडायला लागले.

"गुणाची गं माझी बाय. चल, आता खऱ्या जागा सांग. न्याहारी करू."

टिकली आईच्या मिठीतून अलगद सुटली आणि दोन फांद्या वर जाऊन बसली.

"शब्द?"

रुंजीने तोंड उघडलं. जांभूळ-पाच-कुहू? तो मागचा. की त्याच्या मागचा? बोर होतं की करवंद? सात की नऊ?

"करवंद... सात... टिवटिव?"

टिकलीने शेपटी झटकली आणि गंभीरपणे म्हणाली, "चुकलं. आता दोनदाच सांगता येईल."

तात्पर्य : जी ठेव चोराला सापडत नाही, ती सुरक्षित. जी मालकालाही सापडत नाही, ती अतिसुरक्षित. थंडीपुरती झाडाची साल आणून ठेवावी.