बसायचं नाही अशी खुर्ची

सानपाड्यातल्या आमच्या ऑफिसचं इंटिरियर झालं, ही गोष्ट मी अत्यंत गांभीर्याने नमूद करतो. जासईच्या यार्डात अडकलेले कंटेनर कस्टममधून सोडवून द्यायचे, हे आमचं काम. ऑफिस कसलं, एक गाळा. त्यात हिशेब बघणाऱ्या सरोजिनीताईंची एकच मागणी होती. "माझ्या गुडघ्यांना झेपेल अशी एक खुर्ची द्या. बाकी भिंतींना काय फासायचं ते फासा."

मालक नंदकुमारसाहेबांनी डिझायनर आणली, क्षिप्रा मॅडम. मॅडमनी डोळे मिटून निदान केलं, "जागेला श्वास घेता येत नाहीये." मग जागेच्या श्वासापायी कपाटं गेली आणि फायली आमच्या मांडीवर आल्या. मग डबेही हद्दपार झाले, कारण भेंडीचा वास थीममध्ये बसेना.

खुर्ची मात्र आली. काय खुर्ची होती हो! मोरपंखी मखमल, कंबरेला आधार. ताईंचे डोळेच भरून आले. त्या टेकणार, तोच साहेब ओरडले, "अहो अहो, प्लास्टिक फाटेल!"

"मग प्लास्टिक काढा की."

"काढलं तर मळेल ना!"

"मग मी बसू कुठे? डोक्यावर?"

"तूर्तास ॲडजस्ट करा."

तूर्तास म्हणजे जिन्याची पायरी. बाकीच्या नव्या फर्निचरचंही प्लास्टिक निघेना, म्हणून सगळा स्टाफ तिथे बसून काम करू लागला. आत माणूस नाही म्हटल्यावर ऑफिस इतकं देखणं दिसू लागलं, की साहेबांनाही आत पाय ठेववेना. तेही येऊन आमच्या शेजारी टेकले. गिऱ्हाईक काचेतून बघायचं, "वा!" म्हणायचं आणि खालच्या चहाच्या टपरीवर सही करायचं. धंदा वाढला, हे आमचं दुर्दैव.

होता होता ताई रिटायर झाल्या. सत्कार आत ठेवला. साहेबांनी स्वतः हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, अर्थात प्लास्टिकसकट. शाल घातली, फोटो काढला. ताईंनी पाठ टेकली, "अगं आई गं" म्हणाल्या आणि सुखाने डोळे मिटले.

"झाला फोटो," साहेब अदबीने म्हणाले. "उठा आता."

असा संताप आला मला! तुम्हालाही आला असेल. छान. त्याच रागाच्या भरात घरातली शोकेस उघडा, आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या त्या कपातून आज आईला चहा द्या.

बघा, लगेच म्हणालात, "नको, फुटेल."