परबकाकांची पाणबुडी

परबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यावर उभे राहून हवा हुंगतात. आपण "या ना काका" म्हणत ताटकळतो आणि ते डोळे मिटून दोन-तीन खोल श्वास घेतात. मग निकाल देतात, "कोंदलाय. खिडकी उघड." माझ्या नणंदेच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाही त्यांनी हेच केलं. मुलाच्या आईला वाटलं, घरात उंदीर मेलाय.

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत काकू गेल्यापासून काका चौथ्या मजल्यावर एकटेच राहतात. पंचाहत्तरी कधीच ओलांडलीय. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी नौदलात होते, पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन, आणि एकाहत्तरच्या युद्धात त्यांची पाणबुडी समुद्रात होती. पुढे त्यांनी आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली, पण तिच्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. बोलतात ते फक्त पाणबुडीबद्दल, आणि मी सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे सगळ्यात जास्त माझ्याशी.

मागच्या मीटिंगचा विषय होता इमारतीचं रंगकाम. काका उठले. "आमच्या बोटीक दोन अंगां." पाणबुडीला ते बोट म्हणतात. "आतला जाड पोलादाचा, त्यात आम्ही. भायरचा पातळ. मधे टाक्ये. टाक्यांत पाणी घेतला की बोट खाली, हवा भरली की वर."

"काका, रंग," मी म्हटलं.

"तोच सांगतंय. आता डिझेल इंजिन. पाण्याखाली चालत नाय. इंजिनाक हवा लागता. हवा खंयसून हाडतलस?"

हवा आणणार कुठून, हा त्यांच्या आयुष्याचा सवाल आहे. म्हणून बोट वर आणायची, इंजिनं चालवून बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि खाली गेल्यावर त्या बॅटऱ्यांवर मोटर फिरवायची. मला हे पाठ आहे. आमच्या वॉचमनलाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाईंनी आगीत तेल ओतलं. "काका, लढाईत तुमच्या बोटीने किती जहाजं बुडवली?"

"एक पण नाय."

"मग केलं काय?"

"वाट बघितली." आणि मग दुश्मनाच्या बंदराबाहेर पाण्याखाली कसे अनवाणी वावरायचे, कुजबुजायचे, चमचा पडला तरी साहेब कसा बघायचा, हे सगळं ऐकावं लागलं. रंग अजून लागलेला नाही.

यंदा आम्ही वीज गेल्यावर लिफ्ट चालावी म्हणून मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. जिन्याखालच्या खोलीत. खिडकीतून कबुतरं आत येऊन घाण करायची, म्हणून मी खिडकी विटांनी बुजवून घेतली आणि स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी काकांचं पत्र आलं. तिसऱ्या दिवशी दुसरं. आठवडाभरात सात पत्रं, सगळ्यांत एकच मजकूर. आठव्या दिवशी काका खुर्ची घेऊन त्या खोलीचं दार पायानं उघडं धरून बसले.

"बॅटरी चार्ज होताना गॅस सोडता गो सुजाता. त्याका वास नाय. एक ठिणगी पुरता."

"काका, बसवणारा काही बोलला नाही."

"तो बोटीवर होतो काय?"

ऑफिसला उशीर झाला होता. आवाज चढला माझा. "ही बिल्डिंग आहे काका. तुमची पाणबुडी केव्हाच भंगारात गेली."

काकांनी खुर्ची उचलली, दार हळूच लावलं आणि वर गेले.

तीन दिवस ते खाली उतरले नाहीत. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी बॅटऱ्या तपासायला मेकॅनिक आला. दार उघडून त्याने बुजवलेली खिडकी पाहिली आणि तो मागे सरला. "मॅडम, खिडकी कोणी बंद केली? वाट लागेल ना एखाद दिवशी." मी गवंड्याला बोलावून विटा काढून घेतल्या आणि दुपारी चौथा मजला चढले.

काकांनी दार उघडलं. "खिडकी उघडली," मी म्हटलं. "तुमचं बरोबर होतं. मी नको ते बोलले."

"बरा झाला." एवढंच. "पाणी पितलस?"

ते स्वयंपाकघरात गेले. बेडरूमचं दार उघडं होतं. पलंगावर एका बाजूला चादर गळ्यापर्यंत ओढलेली, आणि खाली काहीतरी फुगीर. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"गरम पाण्याची पिशवी," ते म्हणाले.

"कंबर दुखते का?"

"नाय गो." त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "बोटीत माणसां जास्त, खाटले कमी. एक ड्युटीवर गेलो की दुसरो त्याच खाटल्यात. माका गादी कधी थंड गावली नाय. मग कारखान्यात रातपाळी. पहाटे घरी येय, तेव्हा ही उठान पाणी भरी, आणि मी हिच्या जाग्यावर आडवो होय. तीस वर्सां." त्यांनी पलंगाकडे बघितलं. "ही गेल्यापासून त्या थंड गादीवर झोपच लागत नाय. म्हणून पिशवी."

मी पाणी संपवलं.

"आता जा तू," काका म्हणाले. "थंड होतली ती पिशवी."